कॅन्सरमध्ये ओठ गेला तरी पुन्हा बनवता येतो, त्यामागं आहे हा भन्नाट डॉक्टर

पाण्याचा एक घोट घ्या. बाहेर सांडला नाही, कारण ओठ घट्ट मिटले. आता ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणून बघा. तिथंही ओठच लागतात.

मग कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये अर्धा ओठ काढावा लागला तर?

खालच्या ओठावर ऊन थेट पडतं, त्यामुळं त्वचेचा कॅन्सर तिथं जास्त दिसतो. गाठ काढली की मोठा खड्डा उरतो. तो भरायची एक पद्धत आजही सर हॅरोल्ड गिलीज यांच्या नावानं ओळखली जाते.

गिलीज यांचा जन्म १८८२ चा, न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा. केंब्रिजला शिकले आणि लंडनमध्ये कान-नाक-घशाचे डॉक्टर झाले. गोल्फचं भारी वेड.

१९१५ मध्ये पहिल्या महायुद्धामुळं ते फ्रान्सला गेले. पॅरिसमध्ये मोरेस्तँ नावाच्या सर्जननं एका रुग्णाच्या चेहऱ्यावरची कॅन्सरची गाठ काढली आणि जबड्याजवळची कातडी वळवून जखम झाकली. ते बघून गिलीज यांनी ठरवलं, आपण हेच करायचं.

इकडं युद्धात चेहरे उडालेले सैनिक येतच होते. तेव्हा जखमेच्या कडा ओढून शिवल्या जायच्या. नंतर व्रण आकसायचा आणि तोंड वाकडं व्हायचं. गिलीज यांनी आधी आतलं अस्तर बनवायचं, मग बाहेरची कातडी, असा क्रम धरला. १९१७ मध्ये सिडकपला खास हॉस्पिटल उभं राहिलं. तिथं ५ हजारांहून जास्त सैनिकांवर ११ हजारांहून जास्त ऑपरेशन्स झाली. वॉर्डात आरसा लावायला मात्र बंदी होती.

ओठासाठी त्यांची पद्धत म्हणजे फॅन फ्लॅप. उरलेला ओठ आणि शेजारचा गाल यांचा पंख्यासारखा तुकडा कातडी, स्नायू आणि अस्तरासकट सोडवायचा. रक्तवाहिनी न तोडता तो फिरवून खड्ड्यात बसवायचा. रक्त चालू राहिल्यानं तुकडा जगतो. तोटा म्हणजे, तोंड थोडं लहान होतं.

१९३० मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला, १९६० मध्ये ते गेले.

कॅन्सरच्या एका ऑपरेशनमधून त्यांनी जे उचललं, ते सैनिकांच्या चेहऱ्यांवर घासूनपुसून पक्कं झालं आणि शेवटी कॅन्सरच्याच रुग्णांकडं परत आलं. त्यातला कुणीतरी आज न सांडता चहा पितोय.