नायलॉनचा जनक वॉलेस कॅरोथर्स

वाचकहो, समुद्रात गळ टाकणाऱ्याच्या बोटांत नायलॉनची दोरी असते, आजीच्या पेटीत नायलॉनची एखादी साडी असते. हा धागा किडा कातत नाही की तो शेतात पिकत नाही. तो ज्याच्या हाताखाली जन्मला त्या माणसाची हकिकत आज आम्ही सांगणार आहोत.

वॉलेस कॅरोथर्सचा जन्म 27 एप्रिल 1896 रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. वडील व्यापारी शाळेत शिक्षक. त्यांच्या इच्छेने मुलाने आधी हिशेबनिशी शिकून घेतली. मग मिसूरीतील टार्किओ या लहानशा कॉलेजात तो रसायनशास्त्राकडे वळला. तेथील प्राध्यापक सोडून गेले तेव्हा हा विद्यार्थीच तो विषय शिकवू लागला! 1924 साली त्याने इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे हार्वर्डमध्ये अध्यापन केले. 1927 मध्ये विल्मिंग्टन येथील ड्यू पाँ कंपनीने त्याला बोलावले. तो आधी कचरला. आपल्याला उदासीनतेचे झटके येतात, हे त्याने कंपनीला अगोदरच प्रांजळपणे कळवले होते.

त्या काळी रसायनशास्त्रज्ञांत एक मोठा वाद चालू होता. रबर, रेशीम, कापूस यांचे रेणू खरोखरच अतिलांब असतात, असे जर्मनीतील स्टाउडिंगर 1920 पासून सांगत होते. पुष्कळ विद्वानांना ते लहान रेणूंचे नुसते गोळे वाटत. कॅरोथर्सने ठरवले, वाद घालण्यापेक्षा लांब रेणू स्वतःच बांधून दाखवावा. दोन्ही टोकांना आम्लाचा गट असलेला रेणू आणि दोन्ही टोकांना अल्कोहोलचा गट असलेला रेणू जोडले, की पाणी बाहेर पडते आणि हातात हात घातल्यासारखी रांग वाढत जाते. पण ते पाणी तेथेच राहिले तर रांग पुन्हा तुटते. ते काढून टाकण्याची युक्ती साधली तेव्हा साखळ्या खूप लांब झाल्या. एप्रिल 1930 मध्ये त्याचा सहकारी ज्युलियन हिल याने त्या वितळलेल्या पदार्थातून तार ओढली. थंड झाल्यावर ती तार ताणली, तर ती कित्येक पट लांब, चकचकीत आणि चिवट झाली. वर्गात आम्ही येथे केसांचा दाखला देतो. गुंता झालेले केस विंचरले की एका दिशेने बसतात. ताणल्यावर साखळ्यांचे तसेच होते. शेजारी शेजारी बसल्या की त्या एकमेकींना घट्ट धरतात. त्याच महिन्यात त्याच्या गटातून कृत्रिम रबरही निघाले, पण ती कथा वेगळी.

मात्र हा पहिला धागा उकळत्या पाण्याइतकी उष्णताही सोसेना. असे कापड धुवायचे कसे आणि इस्त्री कशी करायची? दोष साखळीच्या लांबीत नव्हता, साखळ्यांमधल्या ओढीत होता. ती दुबळी होती. म्हणून अल्कोहोलच्या जागी नायट्रोजन असलेली अमाइने घेतली. आता एका साखळीतल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन शेजारच्या साखळीतल्या ऑक्सिजनकडे ओढला जाऊ लागला. असा एकेक बंध तसा हलकाच, पण साखळीभर जागोजागी ते असल्याने सोडवणे कठीण. 28 फेब्रुवारी 1935 रोजी, सहा-सहा कार्बनच्या दोन घटकांपासून, जो पदार्थ तयार झाला तो सुमारे 265 अंश सेल्सिअसला वितळतो. तेच नायलॉन.

एवढे यश हाती असताना हा माणूस स्वतःला अपयशी समजत होता. 1936 साली त्याचे हेलन स्वीटमनशी लग्न झाले, त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्याला सदस्य निवडले. पण आपल्याला नवे काही सुचणार नाही, ही भीती जाईना. आज या दुखण्यावर औषधे आहेत, तेव्हा ती नव्हती. जानेवारी 1937 मध्ये लाडकी बहीण इसोबेल गेली. 29 एप्रिल रोजी, एक्केचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, फिलाडेल्फियातील एका हॉटेलात त्याने आपले जीवन संपवले. हेलनला दिवस गेले होते. नोव्हेंबरात मुलगी झाली.

नायलॉनच्या पेटंटचा एक अर्ज त्याच एप्रिलमध्ये दाखल झाला होता. तो 1938 च्या सप्टेंबरात मंजूर झाला. पुढच्याच महिन्यात कंपनीने नायलॉन हे नाव जाहीर केले, आणि 15 मे 1940 रोजी अमेरिकाभर नायलॉनचे पायमोजे विक्रीस आले तेव्हा दुकानांपुढे बायकांच्या रांगा लागल्या.