बापूंच्या मागून चालणारा कॅमेरा

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की दोन गावांचा उल्लेख हटकून होतो. एक सेवाग्राम आणि दुसरे आष्टी. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर लोक चालून गेले, गोळीबार झाला, गावकरी पडले आणि पोलीसही मारले गेले. त्या दिवसाचे चित्र आज आपल्याला खटल्याच्या कागदपत्रांतून आणि वृद्धांच्या आठवणींतून जुळवावे लागते. याउलट सेवाग्रामच्या आश्रमात एखाद्या अगदी साध्या सकाळी गांधीजी कोणाबरोबर फिरावयास निघत आणि परतल्यावर काय करीत, हे मात्र आपण डोळ्यांनी पाहू शकतो. हा फरक ज्या माणसामुळे पडला, त्याला त्याच्या हयातीत छायाचित्रकार म्हणून फारसे कोणी ओळखले नाही.

कनू गांधी यांचा जन्म १९१७ चा. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे ते चिरंजीव. त्यांना डॉक्टर व्हावयाचे होते. वडिलांनी त्यांना गांधीजींच्या हाताखाली धाडले. तेथे त्यांच्या वाट्याला आले हिशेब, पत्रव्यवहार आणि आश्रमात ज्याला कोणी वाली नसतो अशी शंभर कामे. छायाचित्रणाची कल्पना त्यांच्या मनात भरविली ती विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी. गांधीजींनी प्रथम सरळ नकार दिला, कारण आश्रमाचा पैसा असल्या गोष्टीसाठी नव्हता. पुढे मात्र त्यांनीच घनश्यामदास बिर्ला यांना सांगितले आणि त्यांनी दिलेल्या १०० रुपयांतून एक रोलायफ्लेक्स कॅमेरा व फिल्म आली. परवानगीबरोबर तीन अटी होत्या. झगमगता कृत्रिम प्रकाश वापरावयाचा नाही, गांधीजींना कधीही थांबून उभे राहावयास सांगावयाचे नाही, आणि या छंदाचा भार आश्रमावर टाकावयाचा नाही.

या अटींत एक कठोरपणा आहे, पण कनूभाईंची कला घडली ती नेमकी त्यांतूनच. रोलायफ्लेक्स हा दोन भिंगांचा, छातीशी टांगावयाचा चौकोनी कॅमेरा. त्यात वरून खाली पाहावे लागते. त्यामुळे छायाचित्र घेणारा समोरच्यावर डोळे रोखीत नाही, मान लववितो. त्याची कळ दाबली तरी आवाज जेमतेम होतो. एका रोलवर चित्रे निघतात अवघी १२, आणि रोल महाग. तेव्हाची फिल्म मंद. कुटीच्या आत उजेड अपुरा. माणूस तर क्षणभरही न थांबणारा. परिणामी कित्येक चित्रांत हालचालीचा पुसटपणा आहे, कित्येकांत गांधीजींची केवळ पाठ दिसते. तज्ज्ञांनी यास दोष म्हटले तरी चालेल. मला तर त्या पाठमोऱ्या आकृतीच अधिक खऱ्या वाटतात, कारण मागून चालणाऱ्याला माणूस असाच दिसतो. आणि फिरणे हा तर गांधीजींच्या दिनक्रमातील न चुकणारा भाग. चर्चा, तक्रारी, कौटुंबिक भांडणे, सारे काही त्या फेरीत चाले आणि कॅमेरा गळ्यात अडकवून हा तरुण सोबतीला असे.

फिल्मचा खर्च पुढे त्यांनी वृत्तपत्रांना चित्रे देऊन भागविला. कुष्ठरोगी पंडित परचुरे शास्त्री यांच्या अंगाला गांधीजी मालीश करीत आहेत, हे चित्र त्यांचेच. ज्या काळी अशा रोग्याला गाव वेशीबाहेर घालवीत असे, त्या काळी सेवाग्रामात ही शुश्रूषा रोजच्या कामाप्रमाणे चाले. चित्रात ती तशीच दिसते. कोणताही सोहळा नाही. आगगाडीच्या खिडकीतून हरिजन निधीसाठी हात पसरणारे गांधीजीही त्यांनीच टिपले. जवळच्या माणसाला जे सहज सापडते, ते पाहुण्याला सापडत नाही.

जवळिकीलाही मर्यादा होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजीत होत्या. कनूभाई तेथे होते, कॅमेराही होता. पण गांधीजींनी ते क्षण टिपू दिले नाहीत. त्याच वर्षी त्यांचा आभा चॅटर्जी यांच्याशी विवाह झाला. पुढे नोआखालीच्या पेटलेल्या मुलखात गांधीजींनी कार्यकर्ते पांगवले, त्यांत कनूभाई होते. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी आभाबेनच्या खांद्यावर गांधीजींचा हात होता आणि कनूभाई दूर नोआखालीत. दहा वर्षे ज्या पावलांमागे ते चालले, ती अखेरची पावले त्यांच्या कॅमेऱ्यात नाहीत.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. पतिपत्नी राजकोटजवळ त्रंबा येथे कस्तुरबाधामच्या कामात रमली. १९८६ मध्ये कनूभाई गेले. चरख्याजवळच्या गांधीजींमुळे मार्गारेट बर्क-व्हाईट यांचे नाव जगभर झाले. छोटा लायका घेऊन हिंडणारे कार्तिए-ब्रेसाँ यांचे दिल्लीतील अखेरच्या दिवसांमुळे झाले. ती मंडळी थोरच; पण ती काही दिवसांसाठी आली होती. कनूभाईंच्या चित्रांचे स्वतंत्र इंग्रजी पुस्तक निघावयास २०१५ उजाडले, आणि मराठी वाचकांना त्यांची ओळख आजही अपुरीच आहे. त्यांच्या चित्रांतील पुष्कळशी भूमी आपली असताना ही उदासीनता खटकते.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि चित्रांना तोटा नाही. तोटा आहे तो नोंदीचा. चित्रात कोण, कोठे, कोणत्या साली, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. आष्टीसारख्या गावांत ट्रंकांच्या तळाशी लग्नाची, शाळेची, बाजाराच्या दिवसाची पिवळी पडलेली चित्रे असणारच. तालुक्यातील वाचनालयांनी व शाळांनी पुढाकार घेऊन ती पाहावीत, घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि पाठीमागे नाव व साल लिहून ठेवावे. लिहिताना मऊ पेन्सिल वापरावी. शाई कालांतराने पुढच्या बाजूस उतरते.