सरड्यांना ऊन देणारी जोन

‘बिअर्डेड ड्रॅगन’ हा गळ्याखालची काटेरी दाढी फुगवणारा ऑस्ट्रेलियन सरडा आता आपल्याकडेही हौसेने पाळला जातो. असा प्राणी काचेआड निरोगी कसा ठेवायचा, या प्रश्नाचा शंभर वर्षांपूर्वी ध्यास घेतला तो जोन प्रॉक्टर हिने.

जोनचा जन्म १८९७ मध्ये लंडनला झाला. लहानपणापासून पोटाच्या दुखण्याने ती हैराण असे. तरीही घरात तिने साप-सरडे पाळले. आवडता सरडा जेवणाच्या टेबलावरही तिच्यासोबत असे. सोळाव्या वर्षी तिला एक छोटी मगर मिळाली, तर ती घेऊन ही मुलगी थेट गणिताच्या तासाला गेली! आजारपणामुळे केंब्रिजला जाणे मात्र हुकले. तेव्हा ब्रिटिश म्युझियममधले सरीसृपतज्ज्ञ जॉर्ज बुलेंजर यांनी तिला हाताखाली घेतले. ते निवृत्त झाल्यावर तिथले काम तिने सांभाळले आणि १९२३ मध्ये ती लंडन प्राणिसंग्रहालयात सरीसृप विभागाची प्रमुख झाली.

तिने आखलेले ‘रेप्टाइल हाउस’ १९२७ मध्ये खुले झाले. विजेवर मिळणारी ऊब, पिंजऱ्यांत उजेड, प्रेक्षकांच्या जागी अंधार आणि अतिनील किरण आत सोडणारी, त्या काळी नवीच असलेली काच ही त्याची वैशिष्ट्ये. त्याच वर्षी कोमोडो ड्रॅगन आले. ‘सुंबावा’ नावाच्या अवाढव्य ड्रॅगनला तर ती दोरी लावून बागेत फिरवत असे. आजारी प्राण्यांवर उपचारही तीच करी.

काचेचा एवढा विचार कशासाठी? सरड्याचे शरीर स्वतःची पुरेशी उष्णता निर्माण करत नाही. ऊब त्याला बाहेरूनच घ्यावी लागते. शिवाय दिवसा उन्हात बसणाऱ्या सरड्यांच्या कातडीत, आपल्याप्रमाणेच, अतिनील-बी किरणांमुळे ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर कॅल्शियम अंगी लागत नाही. मुलांना मुडदूस होतो, तसे सरड्याचे पाय वाकडे होतात, जबडा मऊ पडतो, हाडे मोडतात. साधी काच हे किरण अडवते. म्हणून अहिल्यानगरच्या कडक उन्हात खिडकीशी ठेवलेली पेटी तापून प्राणी दगावू शकतो, पण ‘ड’ जीवनसत्त्व त्याला मिळत नाही. बंद खिडकीआड ऊन खात बसणाऱ्या माणसालाही हेच लागू आहे.

असा सरडा घरात असेल तर अतिनील-बी किरणांचा खास दिवा हवा. पेटीचे एक टोक उबदार, दुसरे त्याहून थंड हवे. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्याला किंवा पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत, स्वयंपाकघरात पेटी धुऊ नये. पाच वर्षांखालील मुले, गर्भवती, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी लांबच राहावे. आपली घोरपड पाळणे तर कायद्याने गुन्हा आहे.

१९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाने जोनला मानद डॉक्टरेट दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी ती गेली. औपचारिक पदवी तिला कधी घेता आली नव्हती. दुखणे आयुष्यभर सोबत राहिले, पण शेवटच्या वर्षांपर्यंत तिने काम सोडले नाही.