मॅक्स प्लांक आणि नकोसा झालेला स्थिरांक

वर्तुळाशी निगडित असलेल्या पायची किंमत कागदावर गणित करून हवी तितक्या दशांश स्थळांपर्यंत काढता येते. निसर्गाच्या स्थिरांकांचे तसे नाही. ते अमुकच का, याचे उत्तर गणित देत नाही. ते मोजावे लागतात. अशाच एका स्थिरांकाला ज्यांचे नाव लाभले, त्या जर्मन शास्त्रज्ञ मॅक्स प्लांक यांना आपला हा शोध अनेक वर्षे पचनी पडला नव्हता.

प्लांक यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कील येथे झाला. भौतिकशास्त्रात आता शोधण्यासारखे फारसे उरलेले नाही, असे म्युनिकमधील प्राध्यापक फिलिप फॉन योली यांनी त्यांना सांगितले होते. प्लांक यांची त्याला हरकत नव्हती. त्यांना क्रांती नको होती. माणसाच्या सोयीगैरसोयीपलीकडचे, सर्वत्र सारखेच असणारे असे काही हवे होते. १८८९ मध्ये बर्लिनला आल्यानंतर तापलेल्या पोकळीतील प्रारणात त्यांना ते दिसले. भिंती कशाच्याही असोत, हे प्रारण केवळ तापमानावर ठरते. स्थिरांकांच्या आधारे लांबी, वस्तुमान आणि काळ यांची एकके बांधली, तर ती मानवेतर संस्कृतींनाही लागू पडतील, असा विचार त्यांनी १८९९ मध्येच मांडला होता.

पुढच्या वर्षी मोजमापांशी तंतोतंत जुळणारे सूत्र त्यांना सापडले. त्याची उपपत्ती त्यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी मांडली. तीत ऊर्जा सलग न धरता ठरावीक आकाराच्या पुड्यांत वाटली होती. एरवी अशा आकडेमोडीत पुडीचा आकार अखेरीस शून्याकडे न्यायचा असतो. येथे तसे केले की सूत्रच कोसळत होते. आकार अतिसूक्ष्म, पण शून्य नव्हे: अर्ग-सेकंदात लिहायचे तर दशांश चिन्हानंतर २६ शून्ये आणि मग पहिला अंक. निसर्गात एक पायरी आहे आणि तिच्याखाली उतरता येत नाही, हा त्या अंकाचा अर्थ होता. त्याचे मर्म १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी आणि १९१३ मध्ये नील्स बोर यांनी अधिक धीटपणे ओळखले. प्लांक मात्र त्याला जुन्या भौतिकशास्त्राच्या चौकटीत बसवू पाहत राहिले. १९२४ मध्ये ढाक्यात अध्यापन करणारे सत्येंद्रनाथ बोस यांनी जुन्या सिद्धांताचा टेकू न घेता प्लांक यांचे सूत्र नव्याने सिद्ध केले.

१९१८ चे नोबेल पारितोषिक प्लांक यांना मिळाले, ते घरात मृत्यूचे सत्र सुरू असताना. पत्नी मारी १९०९ मध्ये निवर्तल्या होत्या. थोरला मुलगा कार्ल १९१६ मध्ये रणांगणावर पडला. जुळ्या मुली ग्रेटे आणि एमा अनुक्रमे १९१७ व १९१९ मध्ये बाळंतपणात दगावल्या. नाझी राजवटीत ते देशातच राहिले. १९३३ मध्ये ज्यू सहकाऱ्यांसाठी त्यांनी हिटलरकडे शब्द टाकला, तो व्यर्थ गेला. उघड विरोध न केल्याचा आक्षेप त्यांच्यावर घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात घर आणि कागदपत्रे जळाली. हिटलरविरोधी कटाच्या आरोपावरून मुलगा एर्विन याला २३ जानेवारी १९४५ रोजी फाशी देण्यात आली. वृद्ध पित्याची दयेची याचना कामी आली नाही.

४ ऑक्टोबर १९४७ रोजी गॉटिंगेन येथे प्लांक यांचे निधन झाले. त्यांच्या समाधिशिळेवर हा स्थिरांक कोरलेला आहे. पॅरिसजवळ जपलेला धातूचा ठोकळा म्हणजे एक किलोग्रॅम, ही व्याख्या २० मे २०१९ रोजी मोडीत निघाली आणि किलोग्रॅम प्लांक यांच्या स्थिरांकावर बांधला गेला. त्यासाठी ६.६२६०७०१५ हे त्याचे अंक कायमचे निश्चित करण्यात आले. तेव्हापासून हा स्थिरांक मोजला जात नाही. त्याच्या आधारे वस्तुमान मोजले जाते.