वसईचे भिक्षेकरी संत गोन्सालो गार्सिया

वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानांत प्रथम येशूसंघीयांचे साहाय्यक होते. पुढें ते यशस्वी व्यापारी झाले. परंतु भरभराटीचा धंदा सोडून मनिला येथें त्यांनीं फ्रान्सिस्कन संघाचें निष्कांचन व्रत घेतलें. १५९३ सालीं दुभाषी म्हणून ते जपानांत परतले. क्योतो येथें भिक्षेवर जगणाऱ्या या व्रतस्थांनीं महारोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह ते क्रुसावर रक्तसाक्षी झाले. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. शेजारच्या गास गांवचें देऊळ त्यांच्याच नांवें आहे.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, महोत्सवाची वर्गणी देतांना व खर्चितांना आपल्या भूमीच्या या भिक्षेकऱ्याचें स्मरण असावें; गरिबांचा वांटा आधीं बाजूस काढावा.