लेनर्ड चेशायर : विमानातून उतरल्यानंतर

स्मरणिकेसाठी एखाद्या आवडत्या व्यक्तीवर लिही, असा निरोप आला. आमच्या बॅचला वाटलं असेल, ही सॉफ्टवेअरवाली, एखाद्या संगणकवाल्यावर लिहील. मी लिहितेय एका इंग्रज लष्करी वैमानिकावर. तोच का, ते लेखाच्या शेवटी कळेल. आमच्या बॅचच्या मंडळींना कदाचित आधीच कळेल.

शेगावहून इंजिनिअरिंग करून मी मलकापूरला रात्रीच्या गाडीत बसले आणि मुंबईला आले. पहिली नोकरी अंधेरीच्या सीप्झमध्ये. महाकाली केव्हज रोडवर चेशायर होमची पाटी होती. जाता-येता ती दिसायची, आणि मिशनऱ्यांचं काहीतरी असेल म्हणून मी तिच्याकडे दुर्लक्ष करायची. एका पावसाळ्यात बस तिथेच तासभर अडकली, तेव्हा शेजारच्या बाईंनी सांगितलं की हे अपंगांचं घर आहे आणि ते बॉम्ब टाकणाऱ्या एका पायलटनं काढलंय. ते वाक्य डोक्यातून जाईना. मग मिळेल ते वाचत गेले.

लेनर्ड चेशायरचा जन्म ७ सप्टेंबर १९१७ चा. वडील ऑक्सफर्डला कायद्याचे नावाजलेले प्राध्यापक. मुलगाही तिथेच कायदा शिकला, पण त्याचा जीव जास्त रमला तो वेगवान गाड्यांत आणि विद्यापीठाच्या विमान पथकात. महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. रॉयल एअर फोर्समध्ये त्याला बॉम्बफेकी विमानं मिळाली.

नोव्हेंबर १९४० मधल्या एका रात्री जर्मनीवर त्याच्या व्हिटली विमानात तोफेचा गोळा फुटला. विमानाच्या कुशीला मोठं भगदाड पडलं, आत आग लागली, वायरलेसवाला गंभीर भाजला. सहकाऱ्यांनी आग विझवली आणि ते फाटलेलं विमान त्यानं काही तास चालवत इंग्लंडला परत आणलं. पुढे पंचविसाव्या वर्षी तो ग्रुप कॅप्टन झाला, त्या हुद्द्यावरचा हवाई दलातला सगळ्यात तरुण अधिकारी. पण त्या हुद्द्यावर टेबलाशी बसावं लागे. म्हणून त्यानं एक पायरी खाली उतरून, विंग कमांडर म्हणून, धरणं फोडण्यासाठी गाजलेल्या ६१७ स्क्वाड्रनची सूत्रं घेतली. आमच्या क्षेत्रात मॅनेजर झालेला माणूस पुन्हा कोड लिहायला बसलेला मी तरी फारसा पाहिलेला नाही.

मला सगळ्यात जवळची वाटते ती फेब्रुवारी १९४४ ची लिमोजची रात्र. फ्रान्समधल्या त्या गावात विमानाची इंजिनं बनवणारा कारखाना जर्मनांच्या ताब्यात होता आणि रात्रपाळीला फ्रेंच बायका कामाला होत्या. चेशायरनं आपलं लँकेस्टर विमान अगदी छपरावरून, तीन वेळा नुसतंच नेलं, बॉम्ब न टाकता. हेतू हा की बायकांनी समजावं आणि बाहेर पळावं. त्या बाहेर पडल्यावर मग पुढच्या फेरीत त्यानं निशाणीचे बॉम्ब टाकले आणि मागून आलेल्या विमानांनी कारखाना उडवला. खालून तोफा चालू झाल्या असत्या तर एवढ्या खालून जाणारं विमान सुटलं नसतं.

शंभर मोहिमा पार केल्यावर १९४४ मध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे पदक बहुधा एखाद्या प्रसंगातल्या पराक्रमासाठी देतात. त्याला ते दिलं चार वर्षं न थांबता दाखवलेल्या धैर्यासाठी.

९ ऑगस्ट १९४५ ला तो ब्रिटनचा अधिकृत निरीक्षक म्हणून नागासाकीच्या मोहिमेत होता. त्याचं विमान ठरलेल्या जागी बाकीच्यांना भेटू शकलं नाही, त्यामुळे त्यानं ते ढगाचं भूत दुरूनच पाहिलं. अणुबॉम्ब पाहून पश्चात्ताप झाला आणि माणूस संत झाला, अशी गोष्ट त्याच्याबद्दल सर्रास सांगतात. तसं काही झालं नाही. बॉम्बमुळे युद्ध थांबलं आणि पुढचे जीव वाचले, असंच तो शेवटपर्यंत मानत होता. मला ते पटत नाही, पण त्याचं चरित्र आपल्या सोयीचं करून घेण्यात अर्थ नाही.

१९४६ मध्ये तो हवाई दलातून निवृत्त झाला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. युद्धातून परतलेल्यांनी एकत्र राहून शेती-धंदा करावा म्हणून त्यानं वसाहत काढली. ती कर्जात बुडाली. युद्धात एका अमेरिकन अभिनेत्रीशी केलेलं लग्नही टिकलं नाही. हाताशी उरलं ते हॅम्पशायरमधलं ल कोर्ट नावाचं मोठं, रिकामं, कर्जाचं घर.

१९४८ मध्ये हॉस्पिटलमधून निरोप आला. आर्थर डाइक्स नावाचा एक माणूस, पूर्वी हवाई दलात होता, नंतर चेशायरच्याच वसाहतीत. कॅन्सर झालेला, उपाय संपलेले, आणि खाट मोकळी करून हवी होती. चेशायरनं जागा शोधली, कुठेच मिळाली नाही. मग तो त्याला स्वतःच्या घरी घेऊन आला. व्हिक्टोरिया क्रॉसवाला हा माणूस भांडं देणं, अंग पुसणं, कूस बदलणं शिकला. रात्री उठता यावं म्हणून जवळच झोपायचा. ऑगस्टमध्ये डाइक्स गेला. लगेचच नव्वदी ओलांडलेल्या एका आजींसाठी विचारणा झाली, मग आणखी कोणासाठी. ठरवून काही काढलं नव्हतं. घर भरत गेलं, शेजारपाजारचे लोक मदतीला येत गेले. डाइक्स कॅथलिक होता. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत चेशायरनंही तो पंथ स्वीकारला.

१९५२ मध्ये त्याला क्षय झाला. दोनेक वर्षं सॅनेटोरियममध्ये, शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया. बरा होऊन १९५५ मध्ये तो भारतात आला आणि मुंबईबाहेर, अंधेरीला तेव्हा रान होतं तिथे, बेथलहेम हाउस सुरू झालं. ब्रिटनबाहेरचं त्याचं हे पहिलं घर. माझी बस अडकली ती याच्या दारात.

त्याचा संसारही मुंबईतच सुरू झाला. ५ एप्रिल १९५९ ला त्यानं इथे सू रायडरशी लग्न केलं. छळछावण्यांतून वाचलेल्यांसाठी काम करणारी ही बाई कामात त्याच्या तोडीस तोड. त्याच वर्षी दोघांनी डेहराडूनला राफेल हे केंद्र काढलं, कुष्ठरोग्यांसाठी आणि इतरांसाठी. मुलगा जेरोमी, मुलगी एलिझाबेथ. इंग्लंडात कॅव्हेंडिश गावी सूच्याच संस्थेच्या इमारतीत दोन-चार खोल्या, तेच घर. मुलं वाढली ती रुग्णांच्या सोबतीनं. दोघंही सतत फिरतीवर. दोन मुलांची आई म्हणून मला इथे थोडं अडखळायला होतं. जगाला घर देणाऱ्या माणसाच्या मुलांना बाबा किती मिळाले असतील? सूला बॅरोनेस हा किताब १९७९ मध्ये मिळाला, त्याला लॉर्ड व्हायला १९९१ उजाडलं. घरात यावरून थट्टा झाली असणारच!

हॉस्टेलवर पिंक फ्लॉइड ऐकणाऱ्यांसाठी एक गंमत. जुलै १९९० मध्ये बर्लिनला रॉजर वॉटर्सचा 'द वॉल'चा प्रचंड कार्यक्रम झाला, तो चेशायरच्या आपत्ती निवारण निधीसाठी. शिट्टी वाजवून तो सुरू करून देणारा बहात्तर वर्षांचा म्हातारा म्हणजे हाच, एके काळी बर्लिनवर बॉम्ब टाकून आलेला.

त्यानंतर त्याला मोटर न्यूरॉन आजार झाला. स्नायू एकेक करून जातात. आयुष्यभर ज्यांच्या व्हीलचेअर ढकलल्या त्यांच्यासारखाच तो खुर्चीत बसला आणि ३१ जुलै १९९२ ला गेला. तोवर त्याची घरं सुमारे ५० देशांत झाली होती.

आता शेवटचं. आमच्या बॅचमध्ये आठवीला निबंध होता, मी वैमानिक झालो तर. सरांनी वर्गात वाचून दाखवला तो कोणाचा, हे आम्हाला सगळ्यांना आठवतं. एनडीएचा फॉर्म भरून ठेवलेला असताना राजूर घाटात त्याची मोटरसायकल घसरली. तेव्हापासून कमरेखाली काही नाही. पंचवीसहून जास्त वर्षं झाली. काकू आता पंचाहत्तरच्या पुढे आहेत, त्यांच्यानं त्याला उचलवत नाही.

गेल्या वर्षी ग्रुपवर मीच सुचवलं की वर्गणी काढून त्याला एखाद्या चांगल्या होममध्ये ठेवू. चेशायरची सगळी कहाणी लिहून पाठवली. मग त्याला फोन केला. त्यानं आधी विचारलं, त्या व्हिटलीतल्या वायरलेसवाल्याचं काय झालं. वाचला, म्हटलं. मग म्हणाला की ल कोर्टच्या रहिवाशांचं पुढे काय झालं तेही वाच.

वाचलं. १९६० च्या दशकात त्याच ल कोर्टमधले रहिवासी व्यवस्थापनाशी भांडले होते. झोपायचं कधी, बाहेर जायचं कधी, हे दुसऱ्यांनी का ठरवावं म्हणून. त्यांच्यातला पॉल हंट पुढे अपंगांच्या हक्कांच्या चळवळीचा एक पाया ठरला. संस्था नको, आमच्या घरात, आमच्या मर्जीनं जगायला मदत द्या, हे त्यांचं मागणं. डाइक्सला चेशायरनं स्वतःच्या घरी नेलं होतं, होममध्ये पाठवलं नव्हतं, हे मी दहा वेळा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

होमचा विषय मी मागे घेतला. वर्गणीतून त्याच्या घराला उतार झाला, न्हाणीघराचं दार रुंद केलं, आणि सकाळ-संध्याकाळ येणारा एक मुलगा ठेवलाय. त्याचा पगार वर्षाला कोणी द्यायचा, याची यादी मी एक्सेलमध्ये केली आहे. २०३१ पर्यंत नावं भरली आहेत, पुढच्या ओळी रिकाम्या आहेत.

मेळावा वरच्या सभागृहात होता, तो आता खालच्या पटांगणात मंडप घालून होईल. त्याची गाडी साडेदहाला येईल. खुर्चीसकट उतरवायला चौघं लागतात. तीन नावं आली आहेत, चौथी मी.