ग्लुटाथायोनचे संशोधक सर फ्रेडरिक हॉपकिन्स

जुनाट फुफ्फुसविकाराने व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला कफ पातळ व्हावा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन हे औषध दिले जाते. शरीरातील ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याची भर घालणे हाही त्यामागील एक हेतू असतो. हे द्रव्य १९२१ मध्ये वेगळे करणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स.

२० जून १८६१ रोजी इंग्लंडमधील ईस्टबोर्न येथे त्यांचा जन्म झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. काही काळ विमा कचेरीत व नंतर रासायनिक पृथक्करणाचे काम करून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते लंडनच्या गाइज रुग्णालयात वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले. १८९८ मध्ये ते केंब्रिजला आले आणि १९१४ मध्ये तेथे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. जीवनसत्त्वविषयक कार्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक त्यांना आइकमान यांच्यासमवेत मिळाले.

ग्लुटाथायोन दोन अमिनो आम्लांचे बनले असल्याचे त्यांनी प्रथम जाहीर केले होते. त्यावर इतरांनी आक्षेप घेताच त्यांनी ते पुन्हा शुद्ध करून तपासले आणि त्यात ग्लायसीन हे तिसरे आम्लही असल्याचे १९२९ मध्ये मान्य केले. कीर्तीच्या शिखरावर असतानाही त्यांनी पुराव्यालाच मान दिला.

त्यांच्या या संशोधन परंपरेशी महाराष्ट्राचेही नाते जडले. कमला भागवत, म्हणजेच पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नावारूपाला आलेल्या डॉ. कमला सोहोनी, यांनी केंब्रिजला त्यांच्याच विभागात संशोधन करून १९३९ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

१६ मे १९४७ रोजी हॉपकिन्स यांचे निधन झाले. फुफ्फुसांच्या आतील द्रवात ग्लुटाथायोन विपुल असते, हे पुढे दिसून आले. तंबाखूचा वा चुलीचा धूर आणि अतिरिक्त प्राणवायू यांमुळे निर्माण होणारी घातक द्रव्ये ते निष्प्रभ करते. त्यामुळे अशा संरक्षक औषधांविषयी मोठ्या आशा निर्माण झाल्या. मात्र व्हेंटिलेटरवरील १,२२३ अत्यवस्थ रुग्णांच्या २०१३ मधील चाचणीत सेलेनियम व जीवनसत्त्वे यांसारखी ऑक्सिडीकरणरोधक द्रव्ये देऊनही मृत्यू कमी झाले नाहीत. ही चाचणी एन-ॲसिटिलसिस्टीनची नव्हती. तथापि तर्क पटला म्हणून उपचार सिद्ध होत नाही, हे तिने दाखवून दिले.

बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या माउलींच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. औषधाचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. घरातील धूर आणि विडी-सिगारेट बंद करणे मात्र कुटुंबाच्याच हाती आहे.